रोममध्ये जीरा राइस कशासाठी?

‘युरोप बघायला जावं, जेवायला नव्हे.’ मे महिन्याच्या सहलींचं बुकिंग सुरू झालं की हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. सहल कंपन्यांच्या जाहिरातीत ते आश्वासन होऊन येतं: जेवणाची काळजी नको, रोज रात्री आपलंच जेवण. आधी जाऊन आलेले नातेवाईक ते अनुभवाच्या अधिकारानं सांगतात. तिथलं सगळं मांसाहारी असतं, शाकाहारी असेल ते बेचव असतं, चवीचं असेल ते परवडत नाही, आणि मुलं तर कशाला तोंड लावत नाहीत. मग बॅगेत कपड्यांच्या आधी ठेपले, चिवडा, गरम पाणी घालून होणारे पोहे आणि उपमा यांची पाकिटं जातात. हॉटेलच्या खोलीत चहाच्या किटलीत खिचडी शिजवण्याच्या युक्त्या एकमेकींना सांगितल्या जातात.

हे सगळं प्रेमानं चालतं हे मला माहीत आहे. मुलांचे हाल होऊ नयेत, म्हाताऱ्या माणसांचं पोट बिघडू नये, व्रत मोडू नये, ही काळजी खरी आहे. पण त्या काळजीपोटी जो निष्कर्ष काढला जातो तो खोटा आहे, आणि त्याची किंमत सहलीला गेलेलं कुटुंबच मोजतं. आयुष्यभराची पुंजी घालून माणसं रोमला, पॅरिसला, व्हिएन्नाला जातात आणि तिथली माणसं रोज जे करतात त्यातलं काहीही न करता परत येतात. म्हणून हा प्रतिवाद.

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा मुद्दा आधी घेते: शाकाहारी माणसाला युरोपात खायला मिळत नाही. हा मुद्दा १८८८ सालीच तपासला गेला आहे, आणि तोही एका भारतीयानं. आईपुढे मांस न खाण्याची शपथ घेऊन लंडनला गेलेले मोहनदास गांधी सुरुवातीला अक्षरशः अर्धपोटी राहिले. मग पायपीट करता करता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा ते पोटभर जेवले. तिथेच त्यांनी हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक विकत घेतलं. तोपर्यंत त्यांचा शाकाहार आईला दिलेल्या शब्दामुळे होता. ते पुस्तक वाचल्यावर तो त्यांनी स्वतःच्या मनानं स्वीकारला. इंग्लंडमध्ये शाकाहारी मंडळ स्थापन झालं होतं १८४७ मध्ये, म्हणजे गांधींच्या जन्माच्याही आधी. आत्मचरित्रात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला इथे अधिक महत्त्वाची वाटते. घरून येणारी मिठाई आणि मसाले त्यांनी पुढे बंद केले, आणि मग आधी बेचव लागलेला उकडलेला पालक त्यांना आवडू लागला. घरचा डबा समोर होता तोवर परक्या अन्नाला जागाच मिळाली नव्हती.

आणखी एक उदाहरण. झुरिकमध्ये हिल्टल नावाचं शाकाहारी उपाहारगृह १८९८ पासून सुरू आहे. जगातलं सर्वात जुनं शाकाहारी उपाहारगृह म्हणून गिनेसनं त्याची नोंद घेतली आहे. आपल्या किती सहली स्वित्झर्लंडला जातात! जुंगफ्राऊयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवरही भारतीय जेवण मिळतं हे प्रत्येकाला माहीत असतं, पण झुरिकच्या त्या सव्वाशे वर्षांच्या स्वयंपाकघराचं नाव फार थोड्यांनी ऐकलेलं असतं.

पण शाकाहारी उपाहारगृह शोधायलाच हवं असंही नाही. भूमध्य समुद्राच्या काठानं चालत जा. इटलीतल्या जेनोव्हात हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्याच सामग्रीचा फारिनाता रुंद तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजतात. सीमा ओलांडून फ्रान्समधल्या नीसला गेलात की तोच पदार्थ सोक्का होतो. वरून मिरपूड घालून कागदात देतात आणि लोक तो हातानंच खातात. आणखी पश्चिमेला मार्सेयमध्ये हेच पीठ शिजवून, थापून, कापून तळतात, त्याला पानिस म्हणतात. सिसिलीतल्या पालेर्मोत त्याच पिठाचे पातळ तुकडे तळून, तीळ लावलेल्या पावात घालून, वर लिंबू पिळून देतात. हे पानेल्ले तिथल्या बाल्लारो बाजारात हातगाड्यांवर मिळतात आणि शाळेतली मुलं, हमाल, कारकून सगळे ते उभ्यानं खातात. बेसनावर वाढलेल्या माणसानं या किनाऱ्यावर उपाशी राहावं आणि संध्याकाळी बसमध्ये बसून जीरा राइस खायला जावं, हे मला मनापासून दुःखाचं वाटतं.

ग्रीसचं उदाहरण तर आपल्याला सर्वात लवकर कळायला हवं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वर्षातले कितीतरी दिवस उपवासाचे असतात: ईस्टरच्या आधीचा मोठा उपवासकाळ, नाताळच्या आधीचे चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, शिवाय एरवीचे बुधवार आणि शुक्रवार. या दिवसांत मांस, दूध, लोणी, चीज, अंडी वर्ज्य. शतकानुशतकं असे उपवास पाळणाऱ्या समाजानं भाज्या आणि कडधान्यांचं स्वयंपाकघर उभं केलं नसतं तरच नवल. पांढऱ्या घेवड्याची फासोलादा, टपोऱ्या घेवड्याचे टोमॅटोत भाजलेले गिगांतेस, पिवळी डाळ घोटून केलेली फावा, तेलात मंद शिजवलेली भेंडी, वांगी, फरसबी. अथेन्सच्या साध्या खानावळीत ‘निस्तीसिमो’ एवढा एक शब्द उच्चारला तरी वाढणाऱ्याला कळतं की या माणसाला मांस, दूध, अंडी नको. एक सावधगिरी मात्र हवी: त्यांच्या उपवासाला शिंपले आणि माखले चालतात, ते नको म्हणून वेगळं सांगावं लागतं.

अडचणी आहेतच. त्या लपवून युक्तिवाद करणं मला पटत नाही, कारण त्यांच्यावरूनच लोक फसतात. पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातल्या, दूध फाटवणाऱ्या रेनेटनंच बनतं. ग्राना पादानो, पेकोरिनो रोमानो, म्हशीच्या दुधाचं काम्पानियातलं मानांकित मोझरेल्ला यांच्यातही प्राणिज रेनेट असतं. मध्य युरोपात भाज्यांचं दिसणारं सूप बऱ्याचदा गोमांसाच्या रश्श्यात केलेलं असतं, आणि पॅरिसच्या प्रसिद्ध कांद्याच्या सूपचीही हीच गत असते. रोममध्ये भोपळ्याची फुलं तळतात, त्यांच्या पोटात मोझरेल्लाबरोबर अँचोव्ही नावाची खारवलेली मासोळी असते. पोलंडमध्ये बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या पियेरोगींवर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकायची पद्धत आहे. ज्याचा शाकाहार कडक आहे त्यानं हे सगळं विचारलं पाहिजे.

पण ‘आपलं जेवण’ देणाऱ्या सहलीत हे प्रश्न कुणी विचारतं का? दुपारच्या जेवणाला ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणून चीज पिझ्झा दिला जातो, तो सगळे निर्धास्तपणे खातात, आणि रेनेटचा शब्दही निघत नाही. नापोलीत मारिनारा हा पिझ्झा मिळतो. त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल असतं, चीज मुळीच नसतं. सर्वात जुन्या पिझ्झांपैकी तो एक आहे आणि बहुधा यादीतला सर्वात स्वस्तही. कडक शाकाहारी माणसानं निःशंकपणे खावा असा हा पिझ्झा आपल्या सहलींच्या ताटात येत नाही, कारण ‘चीज नसलेला पिझ्झा’ दिला तर लोक तक्रार करतील अशी संयोजकांना भीती असते. व्रत सांभाळायचं ते चौकशीनं सांभाळलं जातं. कुणीतरी ‘शुद्ध’ असा शिक्का मारला म्हणून ते सांभाळलं जात नाही.

आणि चौकशी करणं आता पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात खाद्यपदार्थांमधल्या चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणं बंधनकारक आहे. त्यात अंडी, मासे, कवचवाले जलचर, शिंपले आणि दूध येतं. ऑस्ट्रियात तर मेनूकार्डावर पदार्थापुढे अक्षरं छापलेली दिसतात. सी म्हणजे अंडं, डी म्हणजे मासे, जी म्हणजे दूध. हे अक्षरकोष्टक एकदा फोनमध्ये ठेवलं की अंडं न खाणाऱ्याला व्हिएन्नात बसल्या जागी कळतं की कुठला पदार्थ टाळायचा. आप्फेलश्ट्रुडेल या सफरचंदाच्या गोड गुंडाळीचं हातानं ओढून कागदाइतकं पातळ केलेलं पीठ पारंपरिक रीतीत अंड्याशिवायच मळतात, पण सगळेच तसं करत नाहीत, तेव्हा सी आहे का ते पाहून मागवावा. मांस या चौदांत येत नाही, ते तोंडानंच विचारावं लागतं. पोर्तुगालनं २०१७ मध्ये कायदाच केला की सरकारी शाळा, रुग्णालयं आणि इतर सार्वजनिक खानावळींत रोज एक पूर्ण शाकाहारी जेवण असलंच पाहिजे. ज्या खंडात हे कायदे होतात त्याबद्दल ‘तिथे सगळं मांसाहारीच’ असं अजूनही म्हणत राहणं म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी पुढे चालवणं.

उलट आपण सोबत जे नेतो त्यातलंच काही बेकायदा असतं. भारतातून युरोपीय संघात जाणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप आणि पनीर दोन्ही त्यात आले. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, अपवाद केळी, नारळ, खजूर, अननस आणि दुरियन एवढ्यांचाच. म्हणजे प्रेमानं नेलेली हापूसची पेटी विमानतळावर कचऱ्यात जाऊ शकते. हे सहलीच्या सूचनापत्रकात ठळक छापायला हवं, ते क्वचितच छापलेलं दिसतं.

आता बेचवपणाबद्दल. ज्या माणसाला गरम भातावर साधं वरण, तूप, मीठ आणि लिंबू एवढ्यात ब्रह्मानंद होतो, त्यानं काचो ए पेपेला बेचव म्हणू नये. रोमच्या त्या पास्त्यात मेंढीच्या दुधाचं खारट चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी, एवढंच असतं. ती मिरी मूळची आपल्या पश्चिम किनाऱ्याची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सम्राट दोमिशियननं रोमच्या फोरमजवळ मसाल्यांची कोठारं बांधली, त्यांना मिरीचंच नाव होतं, आणि तिथे साठणारी मिरी मलबारहून समुद्रमार्गे जात असे. ज्या जहाजमार्गांनी ती जाई त्यांच्या ग्रीक वर्णनात आपलं सोपारा आणि कल्याणही येतं. फोरम बघायला गेलेल्या मराठी कुटुंबाला हे कुणी सांगत नाही, आणि मिरीच्या त्या पास्त्याची वाटी चाखण्याआधीच बस सुटते.

युरोपला मसाला माहीत नव्हता म्हणून तिथलं जेवण सौम्य, हाही गैरसमज. मध्ययुगात तिथल्या श्रीमंतांच्या स्वयंपाकात आलं, दालचिनी, लवंग, मिरी, केशर यांची रेलचेल होती. सतराव्या शतकात फ्रेंच स्वयंपाक्यांनी दिशा बदलली. ला व्हारेनचं १६५१ चं पाककृतीचं पुस्तक त्या बदलाची खूण मानतात. भाजीला भाजीची चव लागली पाहिजे, मसाल्यानं ती झाकायची नाही, असा तो विचार होता. ही त्यांनी जाणून केलेली निवड आहे. ती कुणाला आवडेल, कुणाला नाही. पण ती अजाणपणातून आलेली नाही. आणि सगळीकडे ती सारखीही नाही. सेव्हियात पालक आणि हरभऱ्याची एस्पिनाकास कोन गार्बान्सोस जिरं आणि लसूण घालून करतात. हंगेरीत लाल मिरचीशिवाय स्वयंपाक होत नाही, आणि ती मिरची अमेरिकेतून युरोपात आली तशीच पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडेही आली. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू यांशिवाय आपलं ताट कसं दिसेल ते बघा. लिस्बनमध्ये जेवणाऱ्या गोवेकराला तरी हा इतिहास परका वाटू नये.

यापुढचा मुद्दा मी सर्वात महत्त्वाचा मानते, कारण ‘खायला काही मिळालं नाही’ या तक्रारीचं खरं मूळ तिथे आहे. ते मूळ वेळेत आहे. इटलीत दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. मग स्वयंपाकघरं बंद होतात, ती साडेसातच्या सुमारास उघडतात. स्पेनमध्ये दुपारी दोनच्या आत कुणी जेवायला बसत नाही आणि रात्री नवाच्या आधी जेवणारे बहुतेक परदेशीच असतात. आपलं कुटुंब संग्रहालय बघून चार-साडेचारला बाहेर पडतं, तेव्हा चांगली खानावळ कुलूपबंद असते. उघडी असतात ती फक्त स्मारकांसमोरची, दारात पदार्थांचे रंगीत फोटो लावलेली, आत या म्हणून हात धरणारी दुकानं. ती दिवसभर सुरू असतात कारण त्यांचं गिऱ्हाईक परत येणार नसतं. तिथला गोठवलेला पास्ता खाऊन, चारजणांचं बिल बघून माणूस ठरवतो की इटालियन जेवण बेकार आणि महाग असतं. चार गल्ल्या पलीकडे, तीन तासांनंतर, त्याच शहरात त्याच पैशांत वेगळं जेवण मिळालं असतं. हे सांगायला फार मोठ्या अभ्यासाची गरज नाही. सहलीच्या वेळापत्रकात दुपारचे दोन तास मोकळे ठेवले की बरंचसं साधतं.

मधल्या वेळेसाठीही त्या शहरांनी सोय केलेली आहे. रोममध्ये चौकोनी पिझ्झा कात्रीनं कापून, तोलून विकतात. नुसत्या मिठाचा आणि तेलाचा, किंवा बटाट्याचे काप आणि रोझमेरी घातलेला. पॅरिसमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर बेकरी आहे, आणि १९९३ च्या सरकारी आदेशानुसार ‘परंपरागत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बगेतमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि खमीर याखेरीज जवळपास काही घालता येत नाही. तो पाव, बाजारातले टोमॅटो, जूनमधल्या चेरी आणि सेन नदीचा काठ, हे जेवण आहे. युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत २०१० मध्ये फ्रेंच भोजनपद्धती आणि भूमध्यसागरी आहार घेतले, २०१७ मध्ये नापोलीची पिझ्झा करण्याची कला, २०२२ मध्ये बगेत. कलोसियम वारसा आहे म्हणून आपण रांगेत दोन तास उभे राहतो. या वारशाला रांगही नसते.

महागाईबद्दल थोडक्यात. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायली तर साधारण दीड युरोच्या आत पडते, तीच प्रसिद्ध चौकात बसून घेतली तर कितीतरी पट. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी मेनू देल दिया मिळतो: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, ठरलेल्या दरात. पोलंडमध्ये दूध-खानावळी आहेत, पहिली १८९६ मध्ये वॉर्साव्यात निघाली. आजही सरकारी अनुदानावर चालणाऱ्या या खानावळींत विद्यार्थी आणि निवृत्त माणसं पियेरोगी, पॅनकेक, सूप खातात. पाण्यावर तर आपण विनाकारण पैसे उधळतो. रोममध्ये १८७४ पासूनचे, नाकासारख्या तोटीचे सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ रस्त्यांवर वाहत असतात. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, त्याची पहिली वाहिनी १८७३ ची. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाचं पाणी फुकट देणं कायद्यानं बंधनकारक आहे, ते फक्त मागावं लागतं.

‘पण मुलं?’ असं विचारलं जातं. ‘आणि आई-बाबा?’

मुलांबद्दल मला काळजी वाटत नाही. मुलं नव्या चवीला घाबरतात त्यापेक्षा घाबरलेल्या मोठ्यांना जास्त घाबरतात. इटलीत लहान मुलासाठी नुसता लोणी किंवा तेल घातलेला पास्ता मागितला तर मेनूत नसला तरी बहुतेक स्वयंपाकघरं करून देतात, अर्धी वाढणीही देतात, आणि त्यात त्यांना काही विशेष केल्यासारखं वाटत नाही. पोराला यादीतलं एक नाव स्वतः उच्चारून मागवू द्या. चुकीचं आलं तर चुकीचं खाऊ द्या. दहा वर्षांच्या मुलाला सिस्टीन चॅपेलचं छत किती लक्षात राहील कोण जाणे, पण त्यानं स्वतः मागितलेला, कढईतून नुकताच निघालेला, आतलं चीज तारेसारखं ताणलं जाणारा भाताचा गोळा तो विसरणार नाही. (रोमच्या या सुप्लीत अनेकदा खिमा असतो, तेव्हा विचारून घ्यावा.)

वडीलधाऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे. मधुमेह असलेल्या, वेळच्या वेळी खावं लागणाऱ्या माणसाच्या पिशवीत घरचं काहीतरी असलंच पाहिजे. लाडू, दशमी, भाजलेले शेंगदाणे नेण्याला माझा मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो वयामुळे त्यांना नवीन काही झेपणार नाही असं आपणच ठरवून टाकण्याला. माझी आई लसूणही बेताचाच खाते आणि अंड्याचा वासही तिला सहन होत नाही. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी रोमची माणसं कोवळे फावा घेवडे कच्चेच, पेकोरिनोबरोबर खातात. मी आईला घेऊन रोमला गेले तेव्हा तेस्ताच्चोच्या बाजारात त्याच्या आदल्या दिवशी त्या हिरव्या शेंगांचे ढीग लागले होते. आईनं एक शेंग हातात घेतली, नखानं उकलली, दाणा चाखला. ‘हे असेच खातात का गं, न शिजवता?’ विकणाऱ्या बाईला भाषा कळली नाही, प्रश्न कळला. तिनं स्वतः एक दाणा सोलून तोंडात टाकला. चीजबद्दल मी आईला रेनेटचं सांगितलं, तिनं ते बाजूला ठेवलं. पाव, मीठ, तेल आणि त्या शेंगा यांवर ती बाजारातल्या बाकावर बसून व्यवस्थित जेवली. त्यानंतर सहलभर कुठे काय मागवायचं हे तीच ठरवत होती.

आता ‘आपलं जेवण’ म्हणजे काय ते एकदा नीट पाहू. स्थानकाजवळच्या तळघरातल्या उपाहारगृहात टोमॅटोच्या रश्श्यातलं पनीर, पिवळी डाळ, जीरा राइस, पापड, गुलाबजाम. व्हेनिसलाही तेच, इन्सब्रुकलाही तेच. सांगलीच्या कुटुंबाचं हे जेवण नाही, मालवणच्याही नाही, अमरावतीच्याही नाही. घरी रोज असं ताट वाढलं तर आपणच कुरकुर करू. परमुलुखात त्याला ‘आपलं’ म्हणायचं आणि त्यासाठी संध्याकाळी सहाला बसमध्ये चढायचं. जूनमध्ये रोमला सूर्य पावणेनऊला मावळतो, पॅरिसला जवळजवळ दहाला. ज्या वेळी शहरातले लोक कामावरून सुटून चौकात उतरतात, आजी नातवंडांना आईस्क्रीम घेऊन देते, खुर्च्या रस्त्यावर येतात, नेमक्या त्याच वेळी आपण तळघरात असतो. शहराचं स्मारकांचं अंग आपण बघतो, माणसांचं अंग बघायचं राहून जातं.

याला आणखी एक बाजू आहे, तीही बोलून टाकते. व्हेनिसनं एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांवर पाच युरोंचं प्रवेशशुल्क लावलं. जे येतात, गर्दी करतात, कचरा टाकतात आणि शहरात काही खर्च न करता निघून जातात, त्यांच्याविषयीची तिथल्या रहिवाशांची चीड त्यामागे आहे. आपला गट डबे घेऊन येतो, पुलावर फोटो काढतो आणि जेवायला मुख्य भूमीवर परततो तेव्हा आपण नेमके हेच पर्यटक असतो. रियाल्तोच्या मागच्या गल्लीत एका बाकारोत, म्हणजे छोट्या मद्यगृहात, उभं राहून दोन चिकेत्ती, म्हणजे तोंडी लावायचे घास, खाल्ल्या तरी ते शहर आपल्याला वेगळ्या नजरेनं बघेल, आणि आपण त्याला.

संयोजक म्हणतील, चाळीस माणसांना रात्री शहरात मोकळं सोडता येत नाही. येतं. जपानी आणि कोरियन गटांनाही सोडतात. पत्ता, परतीची वेळ, फोन नंबर आणि जवळच्या चार खानावळींची नावं असलेला एक कागद हातात दिला की बहुतेक माणसं सुखरूप परत येतात. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी बस आहेच. पण आज तो पर्यायच दिला जात नाही, आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसेही परत मिळत नाहीत.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यासाठी पैसे भरण्याआधी कंपनीच्या कार्यालयात दोन प्रश्न लेखी विचारा. रोममध्ये संध्याकाळी सात ते दहा आम्ही नेमके कुठे असू? आणि किती रात्रींचं जेवण पॅकेजमधून वगळून त्याचे युरो आमच्या हातात मिळतील? शंभर कुटुंबांनी एका हंगामात हे विचारलं तर त्यापुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात ‘रोज रात्री आपलंच जेवण’ ही ओळ इतक्या मोठ्या अक्षरात छापायला कंपन्या धजावणार नाहीत.